लांबी

रबाळ्याला एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
पावडर कोटिंगवाला आणि बंद पडलेली बेकरी यांच्या मधोमध
हरेश्वर मढवीचं गॅरेज.
शेवटची दोनशे पावलं फियाट ढकलतच नेली.

म्हटलं, हा पांढरा उतरवायचा.
कंपनीतून आली तेव्हा जो होता, तो द्यायचा.
"कुठला होता?"

इथेच पंचाईत.
आई म्हणते, कैरीचा. ताज्या नव्हे,
फोडी करून तासभर झाकून ठेवलेल्या कैरीचा.
ताई नाशिकहून फोनवर, छे, शेवाळी!
तुला काय आठवणार, तू पाळण्यात होतास.
मी पाळण्यात नव्हतो. पाच वर्षांचा होतो,
मागच्या काचेला नाक लावून
कळव्याची खाडी उलटी पळताना बघायचो.
पण आत बसलेल्याला गाडीचा रंग दिसत नाही.
फोटो दोन, दोन्ही कृष्णधवल.
आरसी बुकात रंगाच्या रकान्यावर
नेमका चहाचा डाग.

मढवी हसला नाही.
"रंग माणसांना नाय विचारायचा, गाडीला विचारायचा."
दाराचं रबर उपसलं त्याने,
बिजागरीमागे अंगठ्याच्या नखाएवढी जागा,
कधीच ऊन न लागलेली,
तिथे तो होता.
कैरी नाही, शेवाळ नाही.
मोड आलेल्या, सोललेल्या वालाचा,
बिरड्याचा.

मग ऐंशी नंबरचा पेपर.
पांढरा गेला, त्याखालचा राखाडी गेला,
उजवी बाजू दुपारपर्यंत मोकळी.
डावं दार मात्र संपेना.
लांबीच लांबी, बोटभर,
भाकरीच्या पिठासारखी खाली सांडत राहिली
आणि तळाशी पत्रा आत गेलेला,
परातीएवढा.
मढवीने त्यात तळवा ठेवून पाहिला,
मग जरा वाकून, खांदा.
काही बोलला नाही.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये
बाबा एका रात्री गाडीशिवाय घरी आले होते.
आठवड्याने ती आली, पांढरीशुभ्र.
उन्हात कमी तापते म्हणाले.
आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

आई गोळ्यांचा डबा भरत होती,
सोमवार, मंगळवार.
मी सांगितलं ते ऐकून घेतलं, मग म्हणाली,
"दिघ्याला मनीऑर्डर जायची. दर सात तारखेला.
पंचाहत्तर रुपये.
फॉर्म मी भरायचे, यांचं अक्षर पोस्टात लागायचं नाही."
कुणाच्या नावाने?
"बाईचं नाव होतं."
आणि बुधवार दोनदा भरला.
बऱ्याच वेळाने, डब्याकडेच बघत,
"मग एकदा परत आली.
घेण्यास नकार, असा शेरा मारून."

"ठोकून काढू, का पुन्हा लांबी भरू?" मढवीने विचारलं.
"आतून हातोडी, बाहेरून डॉली, दोन तासांचं काम.
कुणाला कळणारपण नाय."
माझ्या चहावर साय धरली.
"तुम्ही ओरिजिनल म्हणालात," तो म्हणाला,
"म्हणून विचारतो."

पिवळा, पुष्कळसा पांढरा, हिरव्याचं बोट,
काळ्याचा एकच थेंब, तोही काडीने.
पत्र्याच्या तुकड्यावर मारून उन्हात धरला,
सावलीत धरला, सातव्यांदा मान हलवली.
तीन हात दिले. खोलगटासकट.
लांबी नाही.

आता ती चरईत बिल्डिंगखाली असते.
येणारे-जाणारे थांबतात, काय रंग मिळालाय, वा!
मग डावीकडे येतात आणि हळहळतात,
अरेरे, नव्याकोऱ्या रंगाला कुणी हो ठोकलं?
मी म्हणतो, जुनं आहे ते.
त्यांना पटत नाही.
संध्याकाळी समोरच्या टपरीचा दिवा लागतो
तेव्हा बाकी दार चमकतं
आणि तेवढ्या जागी उजेड जरा साचून राहतो.

रविवारी आईला खाली आणलं.
ती बराच वेळ बघत राहिली, म्हणाली,
"बरोबर. बिरड्याचाच."
डाव्या दारावर हात ठेवला,
हात काढला,
आणि काठी टेकत, गाडीला अख्खा वळसा घालून
उजव्या दाराने आत बसली.